ठरलेला शब्द

हाराची पेटी मिटून तिने काउंटरखालच्या कप्प्यात सरकवली, कप्प्याला गुडघा टेकवला आणि मगच फोन घेतला. नंबर अनोळखी होता. आवाज मात्र अण्णांचा.

"बाळा, समोर ड्रायव्हर उभा असेल. हार देऊन टाक त्याला. पैसे मिळालेत. माझा फोन बंद पडलाय, यांच्या फोनवरून बोलतोय."

ड्रायव्हर समोर होताच, आणि दहा मिनिटं हेच सांगत होता. लग्नासाठी हॉटेलात उतरलेल्या एका नव्या गिऱ्हाइकाकडे अण्णा सकाळपासून गेले होते, हेही खरं होतं. पण गेल्या वर्षीही सगळं खरंच वाटलं होतं.

तेव्हा फोनवर असाच एक गोड आवाज आला होता. कार्डावरून पैसे जमा झाले, कुणीतरी येऊन दागिन्यांचे दोन सेट घेऊन गेला, आणि महिन्याभराने बँकेने पैसे परत ओढून घेतले, कारण कार्डच चोरीचं होतं. त्या दणक्यातून दुकान कसंबसं तगलं. दुसरा बसला तर बापलेकीला शटर कायमचं ओढावं लागणार होतं. म्हणून अण्णांनीच नियम घातला: फोनवरून कुणीही माल द्यायला सांगितलं, अगदी मी सांगितलं तरी, आधी ठरलेला शब्द विचारायचा. शब्दही त्यांनीच काढला. जायफळ. "जायफळाने झोप येते, आणि आपल्याला आता झोपून चालायचं नाही," असं म्हणून ते स्वतःच्याच विनोदावर दोन दिवस खूश होते.

"अण्णा, शब्द सांगा."

"कसला शब्द?"

हल्ली आवाजाचीही हुबेहूब नक्कल करतात, हे तिने ऐकलं होतं.

"आपला ठरलेला."

"अगं, मी बोलतोय. बापाचा आवाज ओळखत नाहीस?"

मग आवाज चढला. त्या लोकांची गाडी तासाभरात निघणार होती, चारचौघांत शोभा होत होती, आणि चार वर्षांची असताना तिने मोती गिळला तेव्हा तिला खांद्यावर टाकून कोण धावलं होतं, हेही त्याने ऐकवलं. ती क्षणभर विरघळली. कप्प्यावरचा गुडघा सैल पडला. पण मोत्याची ती गोष्ट अण्णा येणाऱ्याजाणाऱ्याला तिखटमीठ लावून सांगत, अर्ध्या बाजाराला ती पाठ होती. तिने गुडघा पुन्हा रेटला.

"शब्द, अण्णा."

मग आवाज एकदम लहान झाला.

"आठवत नाहीये गं."

फोन बंद झाला. मालक आल्याशिवाय हार मिळणार नाही, असं तिने ड्रायव्हरला सांगितलं. तो पुटपुटत बाकावर बसला. तिने पुढे केलेल्या पाण्याला त्याने हात लावला नाही. तिनेही कप्प्यावरचा गुडघा काढला नाही, पाय बधिर झाला तरी.

अर्ध्या तासाने अण्णा आले, घामाघूम. पैशांचं पाकीट त्यांनी तिच्यासमोर ठेवलं, पेटी स्वतः ड्रायव्हरच्या हातात दिली आणि त्याची माफी मागितली. तो पेटी घेऊन निघून गेला. म्हणजे सगळंच खरं होतं. आता आपली खरडपट्टी निघणार, म्हणून ती मान खाली घालून उभी राहिली.

"बरोबर केलंस," अण्णा म्हणाले. "असंच करायचं."

तिला हायसं वाटलं. त्यांनी गादीवरचं भिंग उचललं, सदऱ्याच्या टोकाने पुसलं, खाली ठेवलं, परत उचलून पुसलं.

"काय होता गं तो?"

तिने दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं.

"जायफळ."

"जायफळ," त्यांनी शब्द जिभेवर घोळवला, आणि त्यांचा चेहरा उजळला. "झोप येते त्याने. आपल्याला झोपून कसं चालेल? झकास आहे. कुणी काढला?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं. ते थट्टा करत नव्हते. सकाळपासून नव्हती इतकी भीती तिला आत्ता वाटली.

"मीच," ती म्हणाली.

"हुशार आहेस," अण्णा कौतुकाने म्हणाले, आणि पुन्हा भिंग पुसायला लागले.