शिलाईवाल्या बाईंचे फोटो

फोरमननं डावा डोळा मिटला, उजवा कॅमेऱ्याच्या खिडकीला लावला आणि शिलाईवाल्या बाईंना दम भरला.

"बाई, हलू नका."

"हलले कुठे? श्वास घेतला."

"तो नंतर घ्या."

बाई हसल्या आणि झालं, सगळी जुळणी बिघडली. त्या जुन्या कॅमेऱ्याची तऱ्हाच तशी. खिडकीतल्या मधल्या ठिपक्यात एकाचे दोन दिसायचे. भिंगाची कडी सावकाश फिरवून त्या दोघांना एकमेकांवर बरोबर बसवलं, की मग कळ दाबायची. फोरमनला दोन-दोन बाई दिसत होत्या, आणि खरं सांगायचं तर त्याला काही घाई नव्हती.

कॅमेरा त्यानं जुन्या बाजारातून उचललेला. कारखाना कधीचाच बंद पडला, बायको गेली, पोरगी लांब सासरी. मागे उरलं ते 'फोरमन' हे नाव. हाताला चाळा म्हणून त्यानं कॅमेरा खोलला, पुसला, तेल दिलं, परत जोडला. आता चालवून बघायचा, पण कोणावर? पाण्याच्या टाकीवर नेम धरला, दिव्याच्या खांबावर धरला. टाकी काही बोलेना, खांब काही हसेना. शेवटी जीव मुठीत धरून त्यानं वरच्या मजल्यावरचं बाईंचं दार वाजवलं. एकाच जिन्यानं दोघं इतकी वर्षं चढली-उतरली, पण "पाणी आलं का?" याच्या पुढे बोलणं कधी सरकलं नव्हतं.

त्या दुपारी अख्खा रोल संपला. बाई मशीनपाशी, बाई खिडकीशी, बाई हातात कात्री घेऊन. मधे चहा झाला. नवरा कसा घोरायचा त्याची बाईंनी नक्कल करून दाखवली. मग म्हणाल्या, "तेव्हा त्या आवाजानं झोप यायची नाही. आता त्याच्यावाचून येत नाही."

स्टुडिओवाल्यानं धुतलेली फिल्म उजेडाला धरली. या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरी.

"फोरमन, भिंगावरचं झाकण काढलं होतंत ना?"

फोरमन फिल्मची गुंडाळी करायला लागला.

"होतं असं. याची बघायची खिडकी वेगळी, भिंग वेगळं. झाकण असलं तरी आतून सगळं झकास दिसतं. कळतच नाही."

जन्मभर दुसऱ्यांच्या चुका पकडल्या, आणि आता हे! फोरमननं कॅमेरा कपाटात कोंबला. जिन्यात बाईंच्या चपला वाजल्या, की तो आपलं दार लोटून घ्यायचा. घरात बोलायला पुन्हा भिंतीच. एकदा मात्र दोघं जिन्यातच समोरासमोर आली.

"काय हो, फोटो कुठायत माझे?"

"फिल्म जुनी निघाली. नासली सगळी." बोलताना त्याचे कान तापले.

बाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. "मग परत काढा की. उद्या दुपारी या."

दुसऱ्या दिवशी तो वर गेला, तर मशीनवर कापड घातलेलं, खिडकीशी खुर्ची आधीच मांडलेली, बाई इस्त्रीच्या साडीत. फोरमननं पिशवीतून कॅमेरा काढला.

"या वेळी झाकण काढा हं," बाई म्हणाल्या.

फोरमनचा हात जागच्या जागी थांबला.

"तुम्हाला दिसत होतं?"

"समोर मीच बसले होते ना. पहिल्यापासून दिसत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

बाईंनी खुर्ची जरा उजेडाकडे ओढली, बसल्या, मांडीवरची सुरकुती तळव्यानं सारखी केली.

"तुमचं छान चाललं होतं. मधेच कशाला टोकायचं?"

फोरमननं झाकण काढून खिशात टाकलं. कॅमेरा मात्र बराच वेळ डोळ्याला लावलाच नाही.