खणातले चार महिने

मी एक मेणाचा ठोकळा आहे. मित्रांनो, मेण म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे मेणबत्ती आली असेल. पण माझ्या नशिबी उजेड नाही. प्लास्टिकच्या छोट्या चौकटीत मी बसलेला, कडेला पेन्सिलीने घातलेला नंबर, आणि पोटात माणसाच्या गालाचा मसुराएवढा तुकडा.

माझा जन्म धारवाडच्या एका तपासणी प्रयोगशाळेत झाला. तुकडा होता मंजुनाथअण्णांचा. सुभाष रोडवर त्यांचं इरकली लुगड्यांचं आणि खणांचं दुकान. गिऱ्हाईक लुगडं पसंत करेपर्यंत अण्णांच्या गालात तंबाखू-सुपारी, अशी तीस वर्षं गेली. माझे पातळ पापुद्रे काचेवर घेऊन डॉक्टरबाईंनी पाहिले आणि अण्णांना बोलावून घेतलं.

प्रत्येक पेशीत जनुकं असतात. कधी वाढायचं, कधी थांबायचं, शेजारणीला धरून कसं राहायचं, हे ती सांगतात. माझ्या पोटातल्या पेशींची ही जनुकंच तंबाखूने बिघडवली होती. थांबणं त्या विसरल्या होत्या, आणि काहींनी तर शेजारणींचा हातही सोडला होता. अशा पेशी मग गावभर हिंडायला निघतात.

आता ऐका, घात कसा झाला. डॉक्टरबाई अण्णांशी कानडीत बोलल्या आणि कानडीत जनुकाला वंशवाही म्हणतात. "अण्णा, गालातल्या वंशवाहीत बदल झालाय. पसरायच्या आत काढून टाकू," असं त्या म्हणाल्या. अण्णांच्या कानात 'वंश' शिरला आणि तिथेच रुतला. पुढचं त्यांनी ऐकलंच नाही.

"बेळगावला दाखवून येतो," म्हणून त्यांनी मला मागून घेतलं. कसलं बेळगाव! खणांच्या दुकानातल्या लाकडी खणात, मापाच्या जुन्या टेपखाली त्यांनी मला दडवलं. बायकोला, श्यामलाबाईंना, तेवढं हळूच सांगितलं, "वंशातलं आहे म्हणे. कलघटगीच्या, मुलाकडच्या पाहुण्यांना कळलं तर आपल्या पोरीला, वेदश्रीला, कोण करून घेणार? लगीन होऊ दे, मग बघू की."

"अहो, पण तुमचं काय?" बाईंनी विचारलं.

"माझं काय घेऊन बसलीस?"

चार महिने मी अंधारात पडून होतो. बाहेर लुगडी उलगडत होती, अण्णांचं बोलणं जड होत होतं. ओरडून सांगावंसं वाटे, पण मेणाला तोंड नसतं. तोंड असलेलेही गप्पच होते, त्याचा मला फार राग येतो.

साखरपुड्याच्या दिवशी अण्णांना पेढा खायला तोंड उघडेना. गळ्यात गाठ दिसत होती. दुसऱ्या दिवशी टेप शोधताना वेदश्रीला मी सापडलो. आईला विचारून तिने सगळं काढून घेतलं आणि अण्णांना, म्हणजे तिच्या अप्पांना, व मला घेऊन ती थेट डॉक्टरबाईंकडे आली.

अण्णांनी गाठीबद्दल विचारलं नाही. जेमतेम उघडणाऱ्या तोंडाने एवढंच विचारलं, "पोरीला नाही ना?"

"नाही अण्णा. हा बदल तुमच्या गालात झाला, तंबाखूने केला. तुमच्या वंशात तो नव्हताच."

अण्णा हसले. अर्ध्याच तोंडाने, पण मनापासून हसले. वेदश्री मात्र रडू लागली. "अप्पा, एकदा विचारायचं तरी होतं हो!"

आज प्रयोगशाळेच्या कपाटात माझ्या शेजारी दुसरा ठोकळा आहे. नंबरापुढे अण्णांचंच नाव, पण पोटात गळ्यातली गाठ. चार महिन्यांपूर्वी अण्णांच्या गळ्यात ती नव्हती. आतल्या पेशी मी लगेच ओळखल्या. त्या माझ्याच घरातून निघालेल्या. अण्णांचं पुढे काय होणार, हे डॉक्टरबाईही ठामपणे सांगत नाहीत.

मित्रांनो, तोंडातला व्रण पंधरा दिवसांत बरा झाला नाही तर घरच्यांना डॉक्टरांकडे न्या. आणि डॉक्टरांचा एखादा शब्द कळला नाही, तर तो खणात ठेवू नका. तिथेच उभं राहून विचारा, "म्हणजे काय हो?" अण्णांनी तेवढं विचारलं असतं, तर मी इथे एकटाच असतो.