जर्सी वाळल्या त्याची गोष्ट

धरमतरच्या खाडीकाठच्या त्या गावात सुनांचा कबड्डीचा संघ निघाला, तेव्हा गाव आधी हसलं आणि मग बघायला आलं. संघाची कप्तान बायजाबाई. पन्नाशीला टेकलेली, एक गुडघा अधूनमधून कुरकुरणारा. पण माहेरी असताना तिची चढाई अशी असायची, की समोरच्या पोरी मागं सरकायच्या. लग्नानंतर ते कुणी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. मग एकदा मैदानावर पोरांचा सराव बघताना धाकटी जाऊ काशीबाई म्हणाली, "ताय, आपुन पण खेलूया की गो!" आणि बायजाबाईनं तिथल्या तिथं पदर खोचला.

श्रावणातल्या त्या रविवारी दुपारी रोह्याला सुनांचे सामने होते. शनिवारच्या सरावात सगळ्याजणी चिखलात लोळलेल्या. जर्सी एकेकच, केशरी रंगाच्या. आठवडाभर पाऊस एकसारखा लागलेला; दोरीवरचे कपडे वाळायच्या ऐवजी कुबट वास धरत होते. पण बायजाबाईला त्याची फिकीर नव्हती. तिच्या मागच्या पडवीत कपडे वाळवायचं मशीन होतं. बोटीवर कामाला असलेल्या गोविंदानं, तिच्या लेकानं, दोन पावसाळ्यांपूर्वी आणून बसवलेला ड्रायर. त्याची गरम, दमट हवा मागच्या जाड नळीतून भिंतीपलीकडे जायची.

सकाळी तिनं धुतलेल्या जर्सी ड्रायरमध्ये घातल्या, मशीनच्या दाराजवळची, कपड्यांचा कापूस धरणारी जाळी नेहमीसारखी साफ करून लावली आणि बटण दाबलं. मशीन फिरून थांबलं. जर्सी हातात घेतल्या तर गरम आणि ओल्या. भाताच्या पेजेतून काढल्यासारख्या.

"आजून एकदा फिरव," बाजेवरून तिचा नवरा काळुराम म्हणाला. "आपल्यासारखंच मशीन, दमलं आसंल."

तिनं पुन्हा लावलं. थोड्या वेळानं वास आला. इस्त्रीखाली कापड करपावं तसा. तिनं मशीनच्या माथ्यावर हात ठेवला आणि झटकन मागं घेतला.

"आता नाय फिरवायचा," ती म्हणाली. बटण बंद केलं, भिंतीतली पिनही काढली.

"अगो, रोह्याला जायाचंय ना? ओल्या जर्सीवर खेलनार काय?"

"ओल्या जर्सीवर खेलीन. घर पेटवून नाय खेलनार."

बायजाबाई विचारात पडली. गोविंदाला विचारावं तर तो भर समुद्रात, फोन लागायचा नाही. जाळी तर ती दर खेपेला साफ करत होती. मग अडलं कुठं? तेवढ्यात तिला शेजारच्या धोंडुबाईची मांजर आठवली. पावसाळ्यात ड्रायर लागला की ती मांजर मागच्या भिंतीला, नळीच्या तोंडाखाली येऊन बसायची, गरम हवेत डोळे मिटून. पण कितीतरी दिवसांत ती तिथं दिसलीच नव्हती.

"काशी! अगो काशी! इकरं ये!"

काशीबाई पीठ माखल्या हातांनीच धावली. बायजाबाईनं तिला सांगितलं, "भायेर हवाच जात नाय. नळी बुजलीय."

मशीन थंड होईपर्यंत दोघी थांबल्या. मग दोन्ही बाजूंनी धरून त्यांनी ते हळूहळू पुढं ओढलं. मागं बघितलं आणि काशीबाईच्या तोंडून "अरे देवा!" निघालं. चंदेरी कागदासारखी ती मऊ नळी भिंत आणि मशीन यांच्यामध्ये पार चेपली होती. बायजाबाईनं स्क्रूड्रायव्हरनं तिची पट्टी सैल केली, तोंडानाकाला ओढणी बांधली आणि नळी अंगणातल्या पत्र्याखाली नेऊन झटकली. आतून राखाडी कापूस पडायला लागला. टॉवेलचा, चादरींचा, साड्यांचा बारीक कापूस, दोन पावसाळ्यांचा. पडतच राहिला.

"ताय, हितं तर उशी भरंल!"

"उशी कसली, चुलीत टाकशील तर भडकंल. ठिणगी पडायचाच उशीर होता."

भिंतीतलं भोक राहिलं होतं. बायजाबाईनं बाटली धुवायचा ब्रश वेताच्या काठीला घट्ट बांधला आणि गोल गोल फिरवत आत घातला. काशीबाई छत्री घेऊन बाहेरच्या बाजूला गेली.

"येतंय काय गो?"

"नाय! काठी कशाला तरी अडतेय! हितं तोंडावर बारीक तारेची जाळी ठोकलीय, ती कापसानं गच्च भरलीय! मागचं झाकन हलतच नाय!"

बायजाबाईनं वळून नवऱ्याकडे बघितलं. काळुराम छताकडे बघत होता.

"पाली येत होत्या," तो हळूच म्हणाला. "म्हनून लावली."

भोकातून ते काशीबाईलाही ऐकू गेलं आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दोघी जावा अशा हसल्या, की काशीबाईच्या हातातली छत्री वाकडी होऊन ती चिंब भिजली. काळुराम उठला. पक्कडीनं स्वतःच जाळी उपटली, झाकणाच्या बिजागरीतला कापूस बोटानं काढला. मग कुणी काही न सांगता रेनकोट चढवून मोटारसायकलवर पेणला गेला आणि हार्डवेअरच्या दुकानातून अॅल्युमिनियमची कडक नळी घेऊन आला. चेपणार नाही अशी, हवी तेवढीच लांब. ती सरळ बसवून त्यांनी मशीन मागं ढकललं, पण भिंतीला टेकू दिलं नाही. मध्ये जागा सोडली.

बायजाबाईनं आधी ड्रायर रिकामाच फिरवला आणि धावत भिंतीमागं गेली. झाकण फटफटत उघडलं आणि गरम हवेचा झोत तिच्या ओल्या चेहऱ्यावर आला. तिनं डोळे मिटले. "काशी, टाक जर्सी!" ती ओरडली.

पहिल्या फेरीतच जर्सी कडकडीत वाळल्या. पाठीवर ऊब घेऊन सगळ्याजणी टेंपोत चढल्या, काळुरामही ड्रायव्हरशेजारी बसला, तेव्हा पारी नावाची त्यांची पकड करणारी धिप्पाड सून म्हणाली, "आज माज्या अंगात थंडीच नाय. आज मी कुनालाबी सोडनार नाय."

आणि तिनं सोडलं नाही. रोह्याच्या सभागृहात पहिला सामना त्या सहज जिंकल्या. दुसरा मात्र अटीतटीचा झाला. शेवटची चढाई राहिली, गुण बरोबरीत. समोरच्या पोरी तरण्या, चपळ. बायजाबाई स्वतः पुढं झाली. गुडघा कुरकुरला, तिनं त्याला मनातल्या मनात दम दिला. "कबड्डी कबड्डी" म्हणत ती आत शिरली, डावीकडं झुकली, आणि सगळ्यांचं लक्ष तिकडं गेलं तेव्हा उजवा पाय लांब टाकून कोपऱ्यातल्या पोरीच्या पायाला चाटून गेली. दोघींनी तिला कमरेला धरलं. ती आडवी पडली, पण हात लांब केला. बोटांची टोकं मध्यरेषेवर टेकली तेव्हाही तिचा दम चालू होता.

शिट्टी वाजली. काशीबाई तिच्या अंगावर येऊन पडली, काशीबाईवर पारी, पारीवर बाकीच्या. खालून बायजाबाईचा गुदमरलेला आवाज येत होता, "उठा गो, मरंन मी!" पण ती हसत होती.

अंतिम सामना त्या हरल्या, पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही. परतताना वाट वाकडी करून टेंपो कोलाडला थांबला. गरम भजी आणि चहा समोर आला. काळुरामनं पहिलं भजं उचललं, फुंकलं आणि सगळ्यांदेखत कप्तानाच्या तोंडात घातलं.