हालदोरला मारलेली हाक

एर्लिंगुरने धक्क्याच्या कडेला उभं राहून दोन्ही हात तोंडाशी धरले, छाती भरून श्वास घेतला आणि तसाच सोडून दिला.

"कट," सालका म्हणाली. "काय झालं?"

"मुलाला हाक मारायची म्हणतेस. पण मुलाचं नाव काय? तुझ्या अख्ख्या संहितेत नुसतं 'मुलगा' लिहिलंय."

सालकाने हातातले कागद चाळले आणि जीभ चावली. वेब सिरीज तिनेच लिहिली होती, दिग्दर्शनही तिचंच. तीनदा पुन्हा लिहून काढली, पण ज्याच्यासाठी म्हातारा बाप सगळे भाग झुरतो, त्या पोराचं बारसंच राहून गेलं होतं.

"तूच ठेव काहीतरी. इतकी वर्षं टीव्हीसाठी लिहिलंस, एक नाव सुचत नाही होय?"

"मी नावं देत नाही. तू सांग, मी बोलतो."

"बरं बाबा. एलियास. माझ्या पोराचं."

"त्याचं नको." हे तो इतक्या जोरात म्हणाला की आवाजाची यंत्रं सांभाळणाऱ्या ब्रिन्यारने कानावरचे हेडफोन बाजूला केले.

"मग ब्रिन्यार म्हण."

"जिवंत माणसाचं कुणाचंच नको."

"झालं. म्हाताऱ्याला नटाची हवा लागली," ब्रिन्यार म्हणाला. आइसलंडमध्ये वयाचा मुलाहिजा कुणी ठेवत नाही; सगळेच सगळ्यांना अरे-तुरे करतात.

हवा कसली लागतेय. रेक्याविकला ज्या खोलीत बसून एर्लिंगुर आणि मंडळी मालिका लिहायची, तिथे एक रीत होती. पडद्यावर कधीच न दिसणारं, नुसतं बोलण्यातून येणारं मेलेलं माणूस असलं की त्याला आपल्याच माणसाचं नाव द्यायचं. ज्याला असं मारलं त्याने घरी तळलेल्या क्लाइनुरचा, म्हणजे तिकडच्या शंकरपाळ्यांचा, डबा घेऊन यायचं आणि सगळ्यांनी ती कॉफीबरोबर खायची. तो मानच समजत. शेवटच्या वर्षी एर्लिंगुरने एक खलाशी बुडवला आणि त्याला धाकट्या भावाचं नाव दिलं, हालदोर. भाऊ खराच बोटीवरचा माणूस. डबा घेऊन आला, सगळ्यांना वाढत म्हणाला, "घ्या, माझ्या मयताची कॉफी तरी नीट होऊ दे." हसून हसून पुरेवाट झाली.

भाग शरद ऋतूत दाखवला गेला. नाताळच्या आधी हालदोरची बोट फ्योर्डच्या, डोंगरांमधल्या त्या अरुंद खाडीच्या, तोंडापर्यंत गेली ती गेलीच. एर्लिंगुर तेव्हा त्याच खोलीत पुढचा भाग लिहीत होता, त्याला फोनवर कळलं. धक्क्यावर जाऊन वाट बघणंसुद्धा त्याच्या वाट्याला आलं नाही.

कुणी त्याला बोल लावला नाही. भावजय तर म्हणाली, "वेडा आहेस का? समुद्र काय टीव्ही बघतो?" त्यालाही ते पटत होतं. पण पटणं वेगळं आणि हाताने ऐकणं वेगळं. कागदावर एखादं नाव लिहायला घेतलं की हात थांबायचा. नाव लिहिता न येणारा लेखक कुणाच्या काय कामाचा? काम सुटलं. मग त्याच्याकडे शिकलेल्या पोरापोरींनीच त्याला आपापल्या वेब सिरीजमध्ये उभं केलं. कधी खडूस आजोबा, कधी खवचट पाद्री. आता गरम पाण्याच्या तलावात उतरला की पोरं त्याचेच संवाद त्याला ऐकवायची. त्याला हे बरं वाटायचं. शब्द दुसऱ्याचे, नावं दुसऱ्याची, त्यातली मेलेली माणसंही दुसऱ्याची. भावाचं नाव मात्र त्याच्या तोंडून पुन्हा निघालं नव्हतं. घरात तो 'धाकटा' म्हणायचा.

"धुकं उतरतंय," ब्रिन्यार म्हणाला. "आत्ता घेतलं तर घेतलं, नाहीतर उद्या."

फ्योर्डच्या पलीकडचा डोंगर अर्धा पुसला गेला होता. सालकाने घड्याळाकडे पाहिलं, मग एर्लिंगुरकडे. उद्या तिची निम्मी माणसं दुसऱ्या कामावर जाणार होती, आणि तो हटून बसला तर तिचा हा भाग असाच लंगडा राहणार होता. तिने पुन्हा विचारलं नाही. तेच त्याला लागलं.

एक नाव होतं. ज्याचं आता आणखी काही वाईट व्हायचं राहिलं नव्हतं, असं एकच.

"कॅमेरा चालू कर," तो म्हणाला. "एकदाच मारीन हाक."

त्याने पुन्हा हात तोंडाशी धरले.

"हालदोऽऽर!"

डोंगराने हाक परत दिली. त्याने दुसरी मारली. अंगातून काहीतरी सुटल्यासारखं झालं, म्हणून तिसरीही मारली. आणि पाण्यावरून आवाज आला.

"काय रे?"

धक्क्याच्या टोकाला वळसा घालून एक लहानशी निळी बोट बाहेर निघाली होती. सुकाणूपाशी केशरी जाकिटातला माणूस हात वर करून उभा होता.

"काय पाहिजे?"

सगळे खो खो हसत सुटले. "घ्या," ब्रिन्यार म्हणाला, "पोरगा सापडला."

एर्लिंगुर कडेवर आणखी पुढे सरकला. हालदोर हे काही जगावेगळं नाव नव्हे, प्रत्येक फ्योर्डमध्ये दोघे-तिघे निघतील. हे त्याच्या कसं लक्षात आलं नाही? त्याच्यापुरता जगात एकच हालदोर होता म्हणून.

"परत फिर," तो ओरडला. "धुकं येतंय. जाऊ नकोस, मागे ये."

त्या माणसाने कानाशी हात नेला, ऐकू येत नाही अशी मान हलवली आणि इंजिनाचा आवाज वाढला. बोट पांढऱ्यात शिरली.

"कट. कट." सालका धावत आली. "हे सगळं ठेवायचं हं. ते 'परत फिर' तर… कुठून सुचलं तुला?"

माणसं सामान गोळा करून मटणाचं सूप प्यायला वर निघाली तरी एर्लिंगुर बोट बांधायच्या खुंटापाशीच उभा राहिला.

"चल ना. गारठशील," सालका म्हणाली.

"तो येऊ दे."

"अरे, तो रोज जातो. मासे काढतो आणि येतो."

"माझ्या तोंडून नाव गेलंय, सालका."

तिला हसू आलं, पण त्याचा चेहरा बघून ते तिथेच विरलं. आपला कॉफीचा थर्मास खुंटावर ठेवून ती गेली.

आता धक्क्याचं टोकही दिसेना. खाली बदकं आपसात कुरकुरत होती. तो भ्याला होता, आणि मेलेल्या भावासाठी नव्हे, नाव सोडून काहीच माहीत नसलेल्या माणसासाठी. दोनदा त्याला इंजिन ऐकू आल्यासारखं वाटलं, दोन्हीदा काही नव्हतं. कॉफी कधी संपली कळलं नाही.

तिसऱ्यांदा आवाज आला तो वाढत गेला. आधी केशरी ठिपका, मग निळी कड.

"पकड रे," आतून आवाज आला आणि दोर येऊन अंगावर पडला.

एर्लिंगुरने तो झेलला. खुंटाला दोन वेढे, वरून एक फास. धाकट्याने शिकवलेलं, थोरल्याला जमत नाही म्हणून हसत हसत. हात विसरले नव्हते.

माणूस माशांचं टोपलं घेऊन वर चढला. तिशीतला, दाढीवाला, पुढचा एक दात नसलेला. हालदोरसारखा कुठूनही दिसत नव्हता.

"अजून इथेच? संपलं नाही का शूटिंग?"

"संपलं."

"मघाशी हाका कुणाला मारत होतास?"

"भावाला."

"मग? आला का?"

एर्लिंगुरने दोर आणखी एकदा ओढून पाहिला.

"नाही," तो म्हणाला. "तू आलास."

त्या माणसाला यातलं किती कळलं कोण जाणे. त्याने एर्लिंगुरच्या निळ्या पडलेल्या बोटांकडे पाहिलं, रिकाम्या थर्मासकडे पाहिलं. मग वाकून टोपल्यातले दोन कॉड मासे कल्ल्यांत बोटं घालून उचलले आणि त्याच्या हातात दिले.

"धर," तो म्हणाला. "घरी सांग, हालदोरने दिलेत."