चाळिसावं नाव

आदिनाथ काही येडा नव्हता हो. नांदेडात अर्थशास्त्र शिकवायचा. सरकारनं आरोग्याचा पैसा गावोगाव कसा वाटावा, याचं मॉडेल बांधण्यात त्यानं पाच वर्षं घातली. पुढाऱ्याच्या वजनावर नको, गरजेवर वाटा, एवढंच त्याचं म्हणणं. जिथं चाळीस गरोदर बायांची नोंद, तिथं ॲम्ब्युलन्स. नोंद राहत्या घरी, म्हणजे सासरी. नांदेड-लातूर जिल्ह्यांसाठी सरकारच्या समितीनं ते उचललं. कंधारकडच्या त्याच्या स्वतःच्या गावातली गाडी मुदखेडला गेली, तेव्हा गड्याची छाती फुगली. घरच्यांचीही गय केली नाही म्हणून!

दिवाळीनंतर त्याची बहीण उज्वला सासरहून, लातूरकडच्या मुरुडहून, माहेरी आली. पहिलं बाळंतपण माहेरीच, हे काय सांगायला पाहिजे? आदिनाथनंच तिला आणून सोडलं.

कळा भर दुपारी सुरू झाल्या. फोन लावला, तर गाडी मुदखेडात. वाट पाहून पाहून शेवटी शेजारच्या व्यंकटीच्या टमटममधून कंधार गाठलं. उज्वला वाचली. लेकरू गेलं.

आदिनाथ नांदेडहून घरी आला. रडू यायला पाहिजे होतं, आलं नाही. पुढ्यातला चहा गार झाला, साय धरली, तरी तो बघतच बसला.

"यंदा गावात किती जणी आल्या रं बाळंतपणाला?" बापानं, सटवाजीनं, विचारलं.

"ठाव न्हाई, दादा."

"एक्केचाळीस. तुझ्या कागदात किती हायत?"

"बावीस. गावातल्या सुना."

"त्या तर आपापल्या माहेरी गेल्यात."

सटवाजी ओरडला असता तर बरं झालं असतं. तो बैलांना पाणी दाखवायला उठला. पोरींनी माहेरी यायचं असतं हे आदिनाथला माहीत नव्हतं थोडंच! मॉडेल बांधताना आठवलंच नाही, बस्स. त्याचीच त्याला किळस आली, पण तीसुद्धा लांबून.

पंधरा दिवसांनी समितीचा फोन आला. मुरुडला गाडी द्यायची आहे, बाळंत झालेल्या बाया वगळून यादी पक्की करा. त्यानं यादी उघडली. बाकी सगळ्यांना दिवस बाकी होते. शेवटचं, चाळिसावं नाव उज्वलाचं होतं.

ते खोडलं की एकोणचाळीस, म्हणजे गाडी नाही. मुरुडलाही कुणाची तरी लेक माहेरी आली असेल.

त्यानं नाव तसंच ठेवलं आणि खाली सही केली.