अकरा सेकंदांचा रंगीत आत्मा

रविवारी दुपारी तीन वाजता व्हिडिओवाल्याच्या दुकानात मुंगी शिरायला जागा नव्हती. एरवी कॅसेट न्यायला चार टाळकी यायची, तीसुद्धा मागची कॅसेट उलटी न फिरवता परत करणारी. आज मात्र बायका, म्हातारे, आपापली दुकानं बंद करून आलेले दुकानदार, सगळे एकमेकांच्या पायांवर पाय देऊन एकाच टीव्हीकडे डोळे लावून बसले होते. टीव्हीवर जुनाट काळापांढरा भुताचा सिनेमा चालू होता. पांढऱ्याफटक तोंडाचा सरदार शवपेटीतून उठत होता, एक बाई किंकाळ्या फोडत होती, आणि त्या दोघांना कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. सगळे थांबले होते मधल्या अकरा सेकंदांसाठी.

सरदारानं बाईच्या गळ्याकडे तोंड नेलं. पडदा खरखरला. आणि एकदम रंग! हिरवं गवत, पिवळा फ्रॉक, दोन वेण्या घातलेली नऊ वर्षांची मुलगी. तिनं तळहात पुढे केला आणि हसत म्हणाली, "नको ना! पुरे आता! घरी जाऊ!" पुन्हा खरखर, पुन्हा काळंपांढरं. सरदार ओठ पुसत होता.

"अगं बाई! तीच की गं ती! शिवणवाल्या बाईंची लेक!"

ही लेक दोन वर्षांपूर्वी तापानं गेली होती. सेवानिवृत्त पोस्टमननं चार दिवसांपूर्वी हा सिनेमा घरी नेला, मध्येच ती दिसली, आणि म्हातारा चपला न घालता रस्त्यावर पळत आला. तेव्हापासून हा बाजार भरला होता.

बाजार म्हटला की दलाल आलाच. लोक त्याला अंतर्यामी म्हणत. हे गृहस्थ आत्म्यांशी बोलत. आत्मे मात्र त्यांच्याशिवाय कुणाशीच बोलत नसत, ही त्यांची मोठी सोय होती. ते डोळे मिटून मान डोलवत उभे राहिले.

"शांतता राखा. आत्मा रंगात आला आहे! नको म्हणजे काय? ऑपरेशन नको. पुरे म्हणजे? गोळ्या-इंजेक्शनं पुरे. घरी जाऊ म्हणजे, आई, इस्पितळाची पायरी चढू नकोस. इतकं स्वच्छ आत्मा सहसा बोलत नाही हो. बहुतेक आत्मे पुटपुटतात."

पहिल्या रांगेत शिवणवाल्या बाई बसल्या होत्या. त्यांच्या पोटात गाठ होती आणि येत्या गुरुवारी ऑपरेशन ठरलं होतं. त्या डोळे पुसत म्हणाल्या, "माझी पोर एवढी परत येऊन सांगतेय, तर मी कशाला जाऊ? नाही जात मी गुरुवारी."

गल्ल्यामागे व्हिडिओवाला उभा होता. आत्मा कुठून आला, हे त्या गर्दीत त्याला एकट्याला ठाऊक होतं.

झालं होतं असं. वर्षभरापूर्वी बाई एक कॅसेट घेऊन आल्या होत्या. लेकीच्या शेवटच्या सहलीची. त्यांच्या भावानं चित्रित केलेली, आणि त्यांना बघण्याचा धीरच न झालेली. "आता बघीन म्हणते. बुरशी धरलीय, तेवढी साफ करून द्या." त्यानं ती साफ केली आणि वाळत ठेवली, चिठ्ठी न लावता. कॅसेटच्या पाठीला प्लॅस्टिकचा एक बारका तुकडा असतो. तो मोडला की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. मामानं तो मुद्दाम मोडला होता, भाची कायमची राहावी म्हणून. पण या धंद्यात सगळ्यांनाच एक युक्ती येते. त्या भोकावर चिकटपट्टी लावली की झाली कॅसेट कोरी. हातानं सवयीनं पट्टी लावली, डोक्याला विचारलंच नाही. सिनेमाची मूळ प्रत दोन कॅसेटींत होती. पहिली संपल्यावर दुसरी लावताना, चुकून पुढे सरकवायचं बटण दाबलं गेलं आणि भरली जाणारी कॅसेट जराशी पुढे सरकली. तेवढे अकरा सेकंद ती पोर वाचली.

आठवड्यानं बाई आल्या तेव्हा त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आणि तोंडातून निघालं, "बुरशीनं खाल्ली हो. हातात घेतली तर तुकडे झाले."

"जाऊ द्या," बाई म्हणाल्या, "तुम्ही तरी काय करणार?" उलट त्यालाच समजावून गेल्या. त्या दिवसापासून तो त्यांच्या घरावरून जायचा रस्ता टाळत होता. आणि आता खरं सांगायचं तर आधीचं खोटंही कबूल करायचं! त्यापेक्षा आत्मा बरा, असं त्या भित्र्या माणसाला वाटलं.

सोमवारी बाईंचं ऑपरेशन करणार असलेल्या डॉक्टरीणबाई दुकानात आल्या आणि तो सिनेमा मागून घेऊन त्यांनी अकरा सेकंद थांबवून थांबवून पाहिले.

"गवतावर ही सावली कुणाची? डोळ्याला कॅमेरा लावलेला माणूस आहे हा. आत्म्यानं येताना कॅमेरामन आणला काय?"

त्यानं कॅसेट परत घ्यायला हात पुढे केला.

"हे बघा, गाठ आज काढण्याजोगी आहे, महिन्यानं नसेल. मी सांगितलं तर बाई म्हणतील, डॉक्टर आहे, ही तसंच बोलणार. हे आलं कसं ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमचा चेहराच सांगतोय."

त्या गेल्यावर त्यानं दुकान लावून घेतलं आणि भरदुपारी तो आत बसून रडला.

बुधवारी दुपारी त्यानं सगळ्यांना बोलावलं. बाईंना, डॉक्टरीणबाईंना, अंतर्यामींना आणि स्वतःच्या बायकोलाही. "आज दुसरा आत्मा दाखवतो," म्हणाला. सगळ्यांसमोर त्यानं एका कॅसेटच्या भोकावर चिकटपट्टी लावली, सिनेमा भरायला घेतला, मध्येच थांबवला, कॅसेट जराशी पुढे सरकवली, पुन्हा भरला. मग सुरुवातीपासून लावली.

सरदार शवपेटीतून उठला. खरखर. आणि रंग! घट्ट कोटातला, डोक्यावर भरघोस केस असलेला नवरदेव दोन्ही हातांत आइस्क्रीम धरून ओरडत होता, "आणखी एक आणा रे!"

दुकान हसून हसून लोटपोट झालं. मागून त्याची बायको ओरडली, "अहो, ही आपल्या लग्नाची कॅसेट!"

"होती," तो म्हणाला.

पोस्टमन उठला. "अंतर्यामी, ह्याच्या आत्म्याला आइस्क्रीम हवंय. अर्थ सांगा की."

"जिवंत माणसाचाही आत्मा," अंतर्यामी घाम पुसत म्हणाले, "कधीकधी... फिरायला जातो."

"मग तुम्हीही जा!" कुणीतरी म्हणालं आणि पुन्हा हशा उसळला. त्या हशातच ते दाराकडे सरकले.

व्हिडिओवाला हसत नव्हता. तो बाईंसमोर जाऊन उभा राहिला. "बाई, बुरशी नव्हती. कॅसेट चांगली झाली होती. मी तिच्यावर हा सिनेमा भरला आणि तुमच्याशी खोटं बोललो."

पोस्टमननं टीव्ही बंद केला.

"किती होतं त्यात?" बाईंनी विचारलं.

"पाऊण तास. डबीवर तसं लिहिलं होतं."

"काय काय होतं? गात होती का ती?"

"ठाऊक नाही. मी न बघताच भरलं."

डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "ती सावली तुमच्या भावाची आहे. ती मामाला म्हणतेय, चित्रण पुरे, घरी जाऊ."

"म्हणजे मला ती काहीच म्हणाली नाही."

"नाही हो. तुम्हाला नाही."

बाईंनी आपली पिशवी उचलली. मग विचारलं, "उद्या किती वाजता यायचं?"

"सातला. उपाशीपोटी."

त्या उठल्या आणि व्हिडिओवाल्याकडे वळल्या. "पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत, तर मी तुम्हाला शिव्या दिल्या असत्या, चार दिवस रडले असते. एवढंच झालं असतं. रविवारी मी मरायचं ठरवून उठले, आणि तुम्ही तिथं गल्ल्यावर उभे होतात."

गुरुवारी गाठ निघाली. बाई बऱ्या झाल्या. अंतर्यामींनी गाशा गुंडाळला. त्यांना खुशाल शिव्या द्या, त्यांचा तो धंदाच आहे. पण असल्या माणसांना उभं राहायला जागा देतो तो खरं ठाऊक असून गप्प बसणारा. म्हणून चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी विचारा, हे झालं कसं? कुणी रागावलं तर आणखी मोठ्यानं विचारा. आणि उत्तर तुमच्याकडेच असेल, तर लाज गिळून त्याच दिवशी सांगा. व्हिडिओवाला हे येईल त्याला सांगत असतो. बाई मात्र अजून त्याच्याशी बोलत नाहीत, आणि त्यांनी बोलावं असं म्हणायची त्याची छाती होत नाही.