एकशे चौऱ्याऐंशी कोरी पानं

खाली पडलेली टाचणी शोधायला सुजाताने मोबाइलचा टॉर्च लावला, आणि टेबलावरच्या कोऱ्या कागदावर अक्षरं दिसली.

ती तशीच वाकून राहिली. टॉर्च वरून धरला की कागद कोरा, कडेने आडवा धरला की पेन्सिलीच्या पुसट ओळी. बारीक, घाईघाईचं अक्षर.  अशी एकशे चौऱ्याऐंशी पानं तिने चार दिवसांत कोरी म्हणून काढून टाकली होती, आणि त्यांची गोणी आज सकाळीच कागदांचा भुगा करणाऱ्या श्रेडिंगच्या गाडीतून गेली होती. चार दिवस बोटांना काळसर लागत होतं, ते तिला धूळ वाटलं होतं!

आखातातल्या मुसाफा औद्योगिक वसाहतीतल्या या स्कॅनिंग कंपनीत ती एकोणीस वर्षं होती. बँकांच्या, दवाखान्यांच्या फायली यायच्या. टाचण्या काढायच्या, घड्या सरळ करायच्या, पानं मशीनला द्यायची, मग कोरी गोणीत टाकायची. कोऱ्या पानाचं चित्र मशीन ठेवतच नाही, रिपोर्टमध्ये फक्त ‘ब्लँक’ म्हणून मोजतं. आणि पहिला नियम म्हणजे काही वाचायचं नाही. तो तिच्या इतका अंगवळणी पडला होता की घरी आलेली लग्नपत्रिकासुद्धा ती आधी उलटून मागची बाजू कोरी आहे का ते बघायची.

ही पेटी मात्र फायलींची नव्हती. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या लंडनच्या एका बड्या नटाने दौऱ्यावरून बायकोला लिहिलेली एकशे पंच्याऐंशी पत्रं होती ती. अल रीम आयलंडवर राहणाऱ्या डॉ. रिझवान यांनी हौसेने जमवलेली. प्रत्येक पत्र म्हणजे एक जोडकागद, पुढच्या पानावर नटाची ऐटबाज काळी शाई, मागचं पान कोरं. घडीवर झिजून त्याचे दोन तुकडे झालेले. सुजाताने सवयीने कोरा तुकडा गोणीत टाकला होता. पत्रं तारखेने लावलेली नव्हती; मशीनला द्यायचं हे एकच पत्र तेवढं उरलं होतं.

आज तिने नियम मोडला आणि वाचलं. इंग्रजी तिला सावकाश कळायचं, पण कळायचं. नवऱ्याच्या पत्राच्या मागेच बायको उत्तराचा कच्चा मसुदा करत होती.

‘आपला छोटा विली मंगळवारी देवाघरी गेला. तो कसा आहे, असं तुम्ही विचारता. तुमचे प्रयोग अजून महिनाभर आहेत. मी काय लिहू?’ या सगळ्यावर काट मारली होती. खाली नव्याने लिहिलं होतं, ‘विली मजेत आहे.’

सुजाताने कॉम्प्युटरवर त्यापुढच्या तारखेचं पत्र उघडलं. नटाने लिहिलं होतं की विलीसाठी लाकडी घोडा घेतलाय, पण त्याला आत्ताच सांगू नकोस.

“अगं बाई!” ती मोठ्यांदा म्हणाली.  चार दिवस तिने त्या बाईचं सगळं खरं बोलणं स्वतःच्या हाताने गोणीत भरलं होतं.

तिचा मॅनेजर उपेंद्र सगळं ऐकून दार लावून आला. “ताई, हळू बोला. रिपोर्टमध्ये काय आलंय? ब्लँक. मशीननेच ब्लँक म्हटलंय ना? मग खलास. आजच डिलिव्हरी करा, साइन घ्या, केस क्लोज.”

“पण सर, ती ब्लँक नव्हती हो.”

“हे फक्त तुम्हाला माहितीये. कम्प्लेंट आली तर मी तुम्हाला वाचवू शकणार नाही. व्हिसा रिन्युअलला आहे तुमचा. तनयाचं लास्ट इयर आहे ना?”

उपेंद्र वाईट माणूस नव्हता. तिच्या मुलीचं कोणतं वर्ष चालू आहे, हे ऑफिसात त्याच्याखेरीज कुणाला ठाऊकही नव्हतं. सुजाताने मान हलवली आणि पेटी उचलली.

डॉक्टर रिझवान सत्तरीचे होते. त्यांनी चहा विचारला. सुजाता उभ्याउभ्याच म्हणाली, “डॉक्टरसाब, मेरे से बहुत बड़ी गलती हुई है.” आणि ते पान तिने टॉर्चच्या आडव्या उजेडात त्यांच्यापुढे धरलं.

त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मग खुर्ची चाचपडत खाली बसले.

“घोड़े वाला खत मैं हर मेहमान को सुनाता हूँ,” ते म्हणाले. “सब हँसते हैं.” त्यांनी पेटीत हात घातला. “बाकी पन्ने?”

“खलास, डॉक्टरसाब. सब कट गए.”

“तीस साल मेरे पास थे. मैं भी कोरे समझता रहा.” त्यांनी डिलिव्हरीचा कागद पुढे ओढला. “मैं कम्प्लेंट नहीं लिखूँगा, बेटी. तुम्हारी नौकरी जाएगी.”

सुजाताला हायसं वाटलं. खोटं कशाला, फार हायसं वाटलं. मग तिची नजर कागदावर गेली. पत्रं एकशे पंच्याऐंशी, लिहिणारा एक, कोरी पानं एकशे चौऱ्याऐंशी. खाली सहीची जागा.

“साइन मत करो, डॉक्टरसाब,” ती म्हणाली. “कम्प्लेंट लिखो.”

“क्यों?”

“नहीं लिखोगे तो वो औरत ने कभी कुछ लिखाच नहीं, ऐसा हो जाएगा.”

 डॉक्टरांनी कागद उलटा केला आणि पेन उघडलं.

सुजाताने पदर सारखा केला. आपलं पूर्ण नाव स्पेलिंगसकट सांगितलं, कंपनीतला नंबर सांगितला, आणि त्यांचं लिहून होईपर्यंत थांबून म्हणाली, “पन्ने एक सौ चौरासी. सब पेन्सिल से लिखे हुए.”